विश्लेषण : योगासनांना यंत्र लावणारे स्वामी कुवलयानंद

दरवर्षी २१ जूनला तेरखेड्यापासून मुंबईपर्यंत शाळांच्या मैदानांवर सतरंज्या अंथरल्या जातात. योगाने रक्तदाब आटोक्यात राहतो, हृदय सुधारते, असे भाषणांतून सर्रास सांगितले जाते. हा दावा यंत्र लावून तपासण्याचा उद्योग मात्र शंभर वर्षांपूर्वी एका संस्कृतच्या अभ्यासकाने सुरू केला होता.

कोण होते कुवलयानंद?

मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. जन्म ३० ऑगस्ट १८८३, गुजरातेतील डभोईचा. घरची परिस्थिती बेताची. पण १९०३ मध्ये संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांकडे ते देशी व्यायाम शिकले. पुढे अमळनेरला खानदेश एज्युकेशन सोसायटीत अध्यापन केले. नर्मदाकाठच्या मालसर येथे माधवदासजी महाराजांकडे योग शिकले आणि तिथेच प्रश्न पडला : हे सारे शरीरात नेमके घडते कसे?

प्रयोग काय होते?

१९२०-२१ च्या सुमारास बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान आणि नौली करणाऱ्यांचे क्ष-किरण काढले, पोटातील दाब मोजला. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो, असे आढळले. पाणी आत ओढले जाते ते त्यामुळे. त्यात चमत्कार काही नव्हता. १९२४ मध्ये लोणावळ्यात ‘कैवल्यधाम’ आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले.

हृदयाच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते सर्वांगासन आणि मत्स्यासनातील रक्तदाबाचे मोजमाप. पाय वर, डोके खाली असताना दाब धोकादायक वाढेल, ही भीती तेव्हा स्वाभाविक होती. त्यांना आढळलेली वाढ मर्यादित होती. पण प्रयोगातली माणसे मोजकी, तीही निरोगी आणि सराव असलेली. त्यावरून हृदयरुग्णाने शीर्षासन करावे, असा अर्थ आजही कोणी काढू नये.

गांधीजींचा रक्तदाब

मार्च १९२७ मध्ये दौऱ्यावर असताना गांधीजी कोल्हापुरात आजारी पडले. रक्तदाब खूप वाढला होता. कुवलयानंदांनी त्यांना सौम्य योगाभ्यास आखून दिला. गांधीजी पत्रांतून आपली प्रकृती आणि रक्तदाबाचे आकडे कळवत राहिले. रुग्ण आणि प्रयोगाचा भागीदार, अशा दोन्ही भूमिका त्यांनी हौसेने केल्या, असेच म्हणावे लागेल. पण एका माणसाच्या आकड्यांवरून उपचार सिद्ध होत नाही.

मग या कामाचे मोल काय?

लंडनच्या बसमध्ये बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो, हे जेरेमी मॉरिस यांचे प्रसिद्ध संशोधन १९५३ चे. हजारोंची तुलना करण्याची ती पद्धत कुवलयानंदांकडे नव्हती. आसन करताना शरीरात काय बदलते, एवढेच ते मोजू शकत होते. दहा वर्षांनी झटका येईल का, हे नाही.

मोजण्याचा हा आग्रह पुढे परदेशी विद्यापीठांनीही धरला. १९५७ मध्ये अमेरिकेतील वेंगर आणि बागची हे संशोधक योग्यांना तपासायला भारतात आले. हृदय थांबवण्याचा दावा करणाऱ्यांच्या मनगटाची नाडी लागेनाशी झाली, पण ईसीजीवर ठोके उमटतच होते. श्वास कोंडून छातीतील दाब वाढवल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होत होते. १९६१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कुवलयानंद हयात होते. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. लोणावळ्यातील संशोधन विभाग आजही सुरू आहे.