संत सावता माळी

महाराष्ट्र ही संतांची भूमी आहे. आपल्या संतांपैकी पुष्कळ संत कष्ट करून पोट भरणारे होते. गोरोबाकाका तेर गावी मडकी घडवायचे. नरहरी महाराज पंढरपुरात दागिने घडवायचे. सेना महाराज लोकांची हजामत करायचे. आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाई नामदेवांच्या घरी दळण-कांडण करायच्या. यांतले कोणीही काम सोडून रानात जाऊन बसले नाही. बालमित्रांनो, आज मी अशाच एका कष्टाळू संतांची माहिती सांगत आहे. त्यांचे नाव संत सावता माळी.

सावता महाराजांचा जन्म इ. स. १२५० मध्ये अरण या गावी झाला असे मानतात. अरण हे सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे. त्यांच्या वडिलांचे नाव परसोबा व आईचे नाव नांगिताबाई. घराण्यात पंढरीची वारी होती. घरचा धंदा माळव्याचा. मळ्यात भाजीपाला पिकवायचा आणि त्यावर घर चालवायचे.

त्या काळी मोटार नव्हती. मोटेनं पाणी काढायचे. मोट म्हणजे चामड्याची मोठी पिशवी. ती दोरानं विहिरीत सोडायची आणि बैलांनी वर ओढायची. एक मोट वर आली की पाटात पाणी पडायचे. बैल परत मागे यायचे, परत पुढे जायचे. दिवसभर हेच चालायचे. माळव्याचे काम फार जपून करावे लागते. पाण्याची पाळी चुकली की वाफा सुकतो. गवताची मुळी राहिली की ते पुन्हा उगवते.

सावता महाराज हे काम करता करता विठ्ठलाचे नाव घ्यायचे. नाव घेताना हातातले खुरपे थांबत नसे. पंढरपूर तिथून जवळच. आषाढी आली की लोक टाळ-मृदंग घेऊन निघायचे. सावता महाराज मात्र मळा सोडून जात नसत, असे सांगतात. त्यांना वाटायचे, देव पंढरीला आहे तसाच मळ्यातही आहे. मग मळ्याची सेवा ही त्याचीच सेवा.

त्यांची एक गोष्ट सगळे सांगतात. एकदा विठ्ठल ज्ञानेश्वर महाराज आणि नामदेव महाराज यांच्याबरोबर वाटेनं चालला होता. अरणचा मळा आला तेव्हा देव त्या दोघांना मागे ठेवून हळूच मळ्यात शिरला. मला लपव म्हणून त्यानं सावता महाराजांना सांगितले. तेव्हा महाराजांनी खुरप्यानं आपले पोट चिरून देवाला आत लपवले. नामदेव रडत रडत देवाला शोधू लागले. शेवटी देव बाहेर आला. या गोष्टीतून एक समजते की महाराज देवाकडे गेले नाहीत, तर देवच त्यांच्याकडे आला.

सावता महाराजांनी अभंग रचले. काशीबा गुरव यांनी ते लिहून ठेवले. आज त्यांचे ३७ च्या आसपास अभंग मिळतात. अभंगात त्यांनी मळ्यातले भाजीपाल्याचे, मिरची-कोथिंबिरीचे, मोटेचे आणि विहिरीचे शब्द घातले. आपल्या रोजच्या कामातले शब्द देवाला चालतात हे त्यांनी दाखवून दिले.

इ. स. १२९५ मध्ये आषाढ वद्य चतुर्दशीला त्यांनी अरणला देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय ४५ होते. पुढच्याच वर्षी ज्ञानेश्वर महाराजांनी समाधी घेतली. आषाढीला पैठणहून नाथांची पालखी पंढरपूरला जाते. आळंदीहून माउलींची आणि देहूहून तुकोबांची जाते. सावता महाराजांची पालखी मात्र जात नाही. उलट त्यांच्या पुण्यतिथीला विठ्ठलाची पालखी पंढरपूरहून अरणला येते. केवढा हा मान!

आमच्याकडं आषाढात कपाशीची खुरपणी असते. तेव्हाच बायांना रोजानं काम मिळते. इकडून पायी पंढरपूरला जायला पुष्कळ दिवस लागतात. तेवढे दिवस रोज बुडाला तर किराणा कशातून भरायचा? म्हणून पुष्कळ आयाबाया वारीला जाऊ शकत नाहीत. माझी आईसुद्धा जाऊ शकत नाही. दिंडी रस्त्यानं गेली की ती बांधावरूनच हात जोडते आणि परत पात धरते. तिला वाटते, आपल्या नशिबात वारी नाही. मी तिला सावता महाराजांचे चरित्र वाचून दाखवले. ती काही बोलली नाही, पण मला परत एकदा वाचायला लावले.

मला वाटते, काम केले की झाली भक्ती, असे नाही. मालक बांधावर नसला तरी पात नीट काढली पाहिजे. मुळीसकट गवत काढले पाहिजे. कामाचे पैसे तर मिळतातच, पण ते मनापासून केले तर देवालाही पोचते. सावता महाराजांनी मळा असाच पिकवला.

म्हणून पालकहो, तुमचे काम शेतातले असो, गिरणीतले असो की हमालीचे असो, ते हलके समजू नका. आणि मित्रांनो, घरी दमून आलेल्या आई-बापाला आधी तांब्याभर पाणी द्या. ते रोजची वारी करूनच आलेले असतात.

इयत्ता ४ थी, मस्तगड, जि. जालना