जोसेफ पुलित्झर

पत्रकार हा जन्मावा लागतो, तो शिकवून तयार होत नाही, असे एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत बहुतेक संपादक मानीत. हा समज खोडून काढण्यासाठी आपली संपत्ती देऊ करणारे जोसेफ पुलित्झर स्वतः मात्र कोणत्याही विद्यापीठात शिकलेले नव्हते.

१० एप्रिल १८४७ रोजी हंगेरीतील मको या गावी एका ज्यू व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडिलांच्या निधनानंतर घराची स्थिती खालावली. सैन्यात जाण्याची त्यांची इच्छा होती. परंतु अधू दृष्टी व नाजूक प्रकृती यांमुळे युरोपात त्यांना कोणी घेईना. अमेरिकेत त्या वेळी यादवी युद्ध सुरू होते आणि तेथे माणसे हवी होती. १८६४ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ते अमेरिकेत दाखल झाले. युद्ध संपल्यावर सेंट लुईस शहरात खेचरांची निगा राखण्यापासून वाढप्याच्या कामापर्यंत मिळेल ते काम त्यांनी केले. इंग्रजी त्यांना धड येत नव्हते. हातातले काम आटोपले की ते मर्कंटाइल ग्रंथालयात जाऊन बसत. इंग्रजी भाषा आणि कायदा यांचा अभ्यास त्यांनी तेथेच केला. १८६८ मध्ये एका जर्मन दैनिकात ते वार्ताहर झाले.

१८७८ मध्ये लिलावात निघालेले एक डबघाईचे वृत्तपत्र त्यांनी विकत घेतले आणि १८८३ मध्ये न्यूयॉर्कचे 'वर्ल्ड'. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचा चौथरा पैशांअभावी अडला, तेव्हा १८८५ मध्ये 'वर्ल्ड'ने सामान्य वाचकांना साद घातली. सव्वा लाखाच्या आसपास लोकांनी नाणे-नाणे देऊन एक लाखाहून अधिक डॉलर उभे केले. नेली ब्लाय या तरुण वार्ताहर स्त्रीने १८८७ मध्ये वेडाचे सोंग घेऊन मनोरुग्णालयात प्रवेश मिळवला आणि तेथील स्त्रियांचे हाल याच पत्रातून उघड केले.

परंतु याच पत्राची दुसरी बाजूही होती. प्रतिस्पर्धी हर्स्ट यांच्याशी खपाची चढाओढ लागली, तेव्हा 'वर्ल्ड'ने भडक व अतिरंजित बातम्या छापल्या. 'पीत पत्रकारिता' हे नाव त्याच चढाओढीतून रूढ झाले. पुलित्झर यांच्या चरित्रातील हा भाग झाकता येण्याजोगा नाही.

दरम्यान त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. लहानसा आवाजही त्यांना सहन होईना. १८९० मध्ये त्यांनी संपादकपद सोडले आणि चिटणिसांकडून वृत्तपत्र वाचून घेत ते दुरूनच कारभार पाहू लागले. याच काळात पत्रकारितेच्या शिक्षणाचा विचार त्यांच्या मनात पक्का झाला. १८९२ मध्ये कोलंबिया विद्यापीठापुढे त्यांनी तो मांडला. तेथे तो नाकारला गेला. वकील व डॉक्टर यांना रीतसर शिक्षण लागते, तर लोकमत घडविणाऱ्याला ते का नको, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९०४ मध्ये एक दीर्घ लेख लिहून त्यांनी टीकाकारांना उत्तर दिले. इतिहास, कायदा, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आणि नीती हे विषय त्यांना अभ्यासक्रमात हवे होते. जाहिराती व खप वाढविण्याचे तंत्र तेथे शिकवू नये, असा त्यांचा आग्रह होता. खपाच्या बळावर श्रीमंत झालेल्या माणसाचा हा आग्रह विशेष म्हटला पाहिजे.

१९०३ मध्ये कोलंबियाने वीस लाख डॉलरची देणगी स्वीकारली होती. मात्र सल्लागार मंडळावरून मतभेद झाले आणि शाळा आपल्या मृत्यूनंतरच उघडावी, असे पुलित्झर यांनी ठरविले. तोपर्यंत १९०८ मध्ये मिसुरी विद्यापीठाने आपली पत्रकारिता शाळा सुरू केलीही होती.

२९ ऑक्टोबर १९११ रोजी चार्ल्सटन बंदरात, आपल्या नौकेवर, पुलित्झर यांचे निधन झाले. ३० सप्टेंबर १९१२ रोजी कोलंबियात पत्रकारितेचे वर्ग भरले. शाळेची स्वतःची इमारत तेव्हा पूर्ण झालेली नव्हती. पहिल्या ७९ विद्यार्थ्यांमध्ये काही स्त्रियाही होत्या. त्यांच्या मृत्युपत्रानुसार १९१७ पासून पुलित्झर पारितोषिके देण्यात येऊ लागली. १९३७ मध्ये गोविंद बिहारी लाल या भारतीय पत्रकाराला विज्ञानविषयक वार्तांकनासाठी, इतर चार सहकाऱ्यांसह, हे पारितोषिक मिळाले.