तक्त्यात मांडलेले राग : पं. विष्णु नारायण भातखंडे

संगणकाच्या वर्गात डेटाबेस शिकताना पहिला धडा तक्त्याचा असतो. एका ओळीत एका वस्तूची माहिती, एका रकान्यात एक गुण. मग तक्त्याला प्रश्न विचारायचा. या पद्धतीचा पाया एडगर कॉड यांनी १९७० साली घातला. त्याच्या साठ वर्षे आधी एका मराठी वकिलाने याच जातीचे काम रागांसाठी कागदावर चालविले होते.

विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म मुंबईत वाळकेश्वरला १० ऑगस्ट १८६० रोजी, गोकुळाष्टमीला झाला. १८८७ साली ते वकील झाले. पुढे पत्नी आणि एकुलती एक मुलगी निवर्तली. वकिली सोडून ते संगीताच्या शोधात निघाले. १९०४ मध्ये दक्षिण भारत, नंतर उत्तर व पूर्वेकडील शहरे. बरोबर प्रश्नांची यादी आणि रोजनिशी असे. त्या काळी बंदिशी घराण्याबाहेर सहसा जात नसत. उस्तादाबरोबर चिजाही संपत.

प्रत्येक रागाची माहिती त्यांनी ठराविक मुद्द्यांनी मांडली : थाट, स्वर, वादी, संवादी, गाण्याची वेळ. हेच आपले रकाने! आता विचारून पाहा. 'सा रे ग प ध एवढेच शुद्ध स्वर असलेले राग दाखव' म्हटले, तर भूप आणि देसकार असे राग येतात. 'वादी गंधार' ही अट जोडली की भूप उरतो, कारण देसकारचा वादी धैवत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरी गातात, देसकार सकाळी. एस.क्यू.एल.मध्ये 'सिलेक्ट'ने रकाने निवडतात आणि 'व्हेअर'ने अट घालतात, ती हीच. बंदिशींचा तक्ता वेगळा ठेवावा. दोन्हींत रागाचे नाव समान असले की 'जॉइन'ने भूपाच्या साऱ्या बंदिशी समोर येतात. प्रत्येक बंदिशीपुढे थाट आणि वादी पुन्हा लिहिण्याचे कष्ट वाचतात, ते वेगळेच.

आपल्या ग्वाल्हेरला त्यांचा लाभ लवकर झाला. माधवराव महाराज शिंदे यांनी येथील गवयांना स्वरलिपी शिकण्यासाठी त्यांच्याकडे मुंबईस पाठविले. त्यांत राजाभैया पूंछवाले होते. १९१८ साली माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले आणि पुढे राजाभैयांनीच ते सांभाळले. गुरुमुखी विद्येच्या या गावात पुस्तकातून गाणे शिकवणे ही साधी गोष्ट नव्हती. लखनौचे मॅरिस कॉलेज त्यानंतरचे, १९२६ चे.

दहा थाटांवर मात्र आजवर वाद आहे, आणि तो खोटा नाही. अहिरभैरव भैरव थाटात घालतात, पण भैरवाचा निषाद शुद्ध आणि याचा कोमल. रकान्यात एकच उत्तर भरायचे म्हटले की असे होणारच. शिवाय मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच. त्यांचे चलन गुरूसमोर बसल्याशिवाय उमगत नाही. तरीही त्या नोंदी नसत्या, तर हा वाद कशाच्या आधारे घातला असता?

शेवटची काही वर्षे पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले होते. १९ सप्टेंबर १९३६ रोजी, गणेश चतुर्थीला, त्यांचे निधन झाले. सुमारे अठराशे बंदिशी देणाऱ्या सहा भागांच्या क्रमिक पुस्तकमालिकेचे शेवटचे भाग त्यांच्या पश्चात छापून आले.