रामचंद्रपंत अमात्य



इटलीच्या मॅकियाव्हेलीने १५१३ मध्ये लिहिले की माणूस लोभी आहे, म्हणून राजाला प्रेमापेक्षा धाक अधिक खात्रीचा. हाच प्रश्न मराठी मुलखात रामचंद्रपंत अमात्यांपुढे आला. १६७४ च्या राज्याभिषेकावेळी ते शिवरायांच्या अष्टप्रधानांत होते. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले आणि इकडचा कारभार पंतांवर पडला. समोर मोगल, आणि वतनासाठी फितणारे आपलेच लोक!

तो अनुभव १७१५ च्या आज्ञापत्रात उतरला. वतनदाराची हाव मिटत नाही. त्याला आवरावे, पण मोडू नये, असे पंत सांगतात. आरमाराला लाकूड हवे असले तरी रयतेचे आंबे-फणस जबरीने तोडू देत नाहीत. लोकांनी ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. लोकांच्या मालमत्तेला हात लावू नये, असे मॅकियाव्हेलीही म्हणतो, पण हिशेबाने. पंतांना त्यामागचे दुःख दिसते, असे आम्हाला वाटते.

टोपीकरांविषयी मात्र ते कठोर आहेत. व्यापाराच्या निमित्ताने येऊन हे लोक राज्य वाढवतील, आपला धर्म रुजवतील, म्हणून खाडीकिनारी त्यांना जागा देऊ नये. या टोपीकरांत पोर्तुगीजही होते, आणि त्यांच्याच गलबतांतून कोकणात मिशनरी उतरले. आपण ख्रिस्ती आहोत म्हणून हे पान गाळून वाचणे आम्हाला बरे वाटत नाही. पंतांच्या काळी वसईचे चर्च तोफांच्या तटाआतच उभे होते.