असाध्य रुग्णांची सेविका

अमेरिकेतील विख्यात कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्न यांची धाकटी कन्या रोझ हिचा जन्म १८५१ साली लेनॉक्स या गावी झाला. बालपणी वडिलांबरोबर इंग्लंड व इटली पाहण्याचा योग तिला आला. विसाव्या वर्षी तिचा विवाह झाला. परंतु संसारसुख तिच्या दैवी नव्हते. १८८१ साली तिचा एकुलता एक मुलगा घटसर्पाने दगावला आणि पुढे पतीच्या मद्यपानामुळे घरही मोडले.

त्या काळी न्यूयॉर्क शहरात कर्करोग झालेल्या गरिबाची दशा मोठी केविलवाणी असे. रोग असाध्य ठरला की इस्पितळ त्याला निरोप देई. हा रोग स्पर्शाने जडतो, अशी चुकीची समजूत असल्यामुळे घरचे लोकही भीत. एका खोलीत सारे कुटुंब राहणार. तेथे वाहत्या जखमेचा रोगी ठेवावा तरी कोठे? अखेर त्याची रवानगी एका बेटावरील सरकारी अनाथालयात होई. शिवणकामावर पोट भरणाऱ्या एका स्त्रीवर असाच प्रसंग आल्याची हकीकत रोझच्या कानी आली. तेव्हापासून तिच्या मनाला स्वस्थता उरली नाही.

१८९६ साली, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तिने कर्करोगाच्या इस्पितळात तीन महिने शुश्रूषेचे शिक्षण घेतले. त्या जखमा पाहून प्रथम तिलाही शिसारी आली. ती तिने निग्रहाने जिंकली. मग शहराच्या अत्यंत दरिद्री वस्तीत खोल्या भाड्याने घेऊन ती राहू लागली. घरोघर जाऊन तिने जखमा धुवाव्या, पट्ट्या बांधाव्या, जागरणांनी थकलेल्या आप्तांच्या हातचे काम आपण करावे. ज्यांना कोणी थारा देईना, त्यांना तिने आपल्याच बिऱ्हाडी आणले. लवकरच ॲलिस ह्यूबर ही चित्रकार तरुणी तिला येऊन मिळाली.

पतीच्या निधनानंतर, १९०० साली, रोझ जोगीण झाली आणि मदर अल्फॉन्सा या नावाने ओळखली जाऊ लागली. १९०१ साली तिने शहराबाहेर टेकडीवर रुग्णांसाठी मोठे घर घेतले. तेथील नियम कडक होते. मात्र ते रुग्णांसाठी नव्हते, सेविकांसाठी होते. जखम पाहून कोणी नाक मुरडावयाचे नाही. रुग्णावर औषधांचे प्रयोग होऊ द्यावयाचे नाहीत. रुग्णाकडून किंवा त्याच्या आप्तांकडून एक पैसाही घ्यावयाचा नाही. पैसा घेतला की, देणारा आणि न देणारा असा भेद आपोआप पडतो!

खर्च भागे तो लोकांच्या देणग्यांवर. वडिलांची लेखणी तिच्याकडे आली होती. तिचा उपयोग ती देणग्या मागण्याकडे करी. ते घर जुने, लाकडी. आगीचे भय सदैव असे. तेथे पक्की इमारत उभारावी म्हणून पंचाहत्तराव्या वर्षीही तिचा पत्रव्यवहार चालूच होता. ९ जुलै १९२६ रोजी, त्याच घरात, झोपेतच तिचे प्राणोत्क्रमण झाले.