लिओ कॅनर: ऑटिझमची ओळख जगाला करून दिली, पण आई-वडिलांवर ठपकाही ठेवला; पुढे काय झालं?

अलिबाग असो की श्रीवर्धन, लहान मूल नजरेला नजर देत नसेल, आई रडत असतानाही आपल्याच खेळात रमत असेल, तर पहिलं बोट आईकडे जातं. तूच लक्ष दिलं नाहीस, असं तिला ऐकावं लागतं. एकेकाळी अमेरिकेतले नावाजलेले डॉक्टरही आई-वडिलांनाच दोष देत होते. त्यातले एक लिओ कॅनर.

कॅनर यांचा जन्म १८९४ चा. गाव तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीत होतं, आज युक्रेनमध्ये आहे. बर्लिनमध्ये डॉक्टरकी शिकून ते १९२४ मध्ये अमेरिकेत गेले. १९३० मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये त्यांनी मुलांसाठी मानसोपचार विभाग सुरू केला.

१९३८ मध्ये मिसिसिपीतल्या एका वकिलाने त्यांना ३३ पानांचं पत्र पाठवलं. त्यांचा पाच वर्षांचा मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट याची स्मरणशक्ती अफाट होती. पण वडील घरी आले तरी तो वळून बघत नसे.

डोनाल्डसह ११ मुलांवर कॅनर यांनी १९४३ मध्ये लेख लिहिला. इतरांशी भावनिक नातं जोडणं या मुलांना जन्मतःच जड जातं, हा त्याचा गाभा होता. पण त्याच लेखात त्यांनी या मुलांच्या पालकांमध्ये फारशी माया दिसत नाही, असंही नोंदवलं. १९४९ मध्ये तर थेट फ्रिजची उपमा वापरली. ती अशी चिकटली की पुढची कित्येक वर्षं असंख्य आया स्वतःलाच गुन्हेगार समजत राहिल्या.

१९६९ मध्ये पालकांच्याच एका संमेलनात कॅनर यांनी त्यांना जाहीरपणे दोषमुक्त केलं. १९८१ मध्ये त्यांचं निधन झालं.

आज काय माहीत आहे? ऑटिझम पालकांच्या वागण्यामुळे होत नाही. अनेक ऑटिस्टिक मुलांना चेहऱ्यावरचा राग, भीती, नाराजी चटकन ओळखता येत नाही, पण म्हणून त्यांना भावनाच नसतात असं नाही. शिवाय अडचण दोन्हीकडून असते. ब्रिटनचे संशोधक डेमियन मिल्टन स्वतः ऑटिस्टिक आहेत. त्यांनी २०१२ मध्ये मांडलं की या मुलांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत.

म्हणून चेहऱ्यावरून ओळखेल अशी वाट बघण्यापेक्षा सरळ शब्दांत सांगितलेलं बरं. मी तुझ्यावर रागावले नाहीये, दमले आहे, एवढं वाक्यही पुरतं.

आणि डोनाल्ड? त्याने बँकेत नोकरी केली, तो गोल्फ खेळला, एकट्याने जग फिरला. २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी तो गेला, तोपर्यंत त्याच्या छोट्या गावाने त्याला आपला माणूस म्हणून सांभाळलं होतं.