अख्खं रिद्धपूर ज्यांना वेडं म्हणायचं, ते गोविंदप्रभू कोण होते?

वऱ्हाडात एखाद्याला बह्याड म्हणणं ही काही फार मोठी शिवी नाही. भातकुलीच्या चहाच्या टपरीवर मित्र मित्राला दिवसातून दहा वेळा म्हणतो, आई पोराला म्हणते, बायको नवऱ्याला म्हणते आणि कुणाला काही वाटत नाही. त्याच्या पुढची पायरी म्हणजे नागपूर. जरा कुणी वेगळं वागलं, एकट्यानं बडबडलं की त्याला नागपूरले नेऊन टाकायचा सल्ला मिळतो आणि सगळे हसतात. इथं नागपूर म्हणजे प्रादेशिक मनोरुग्णालय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मुंबईकडे हाच विनोद ठाण्याच्या नावानं होतो, पुण्यात येरवड्याच्या.

आता असा विनोद निव्वळ गंमत असतो की समोरच्याला लागतो, यावर हल्ली बरेच वाद होतात. एक बाजू म्हणते, हसण्यावारी न्या. दुसरी म्हणते, ज्याच्या घरात आजार आहे त्याला विचारा.

पण याच अमरावती जिल्ह्यात साधारण साडेसातशे वर्षांपूर्वी एक माणूस होऊन गेला, ज्यांना त्यांचं अख्खं गाव तोंडावर वेडं म्हणायचं, पिसं म्हणायचं, त्यांच्यावर हसायचं. त्याच गावात पुढं त्यांचं चरित्र लिहिलं गेलं आणि ते मराठीतल्या सगळ्यात जुन्या चरित्रांपैकी एक ठरलं.

त्यांचं नाव गुंडम राऊळ, म्हणजेच गोविंदप्रभू. महानुभाव पंथात त्यांना श्रीप्रभू म्हणतात.

भातकुलीहून अमरावती शहर ओलांडून पलीकडं मोर्शी तालुक्यात गेलं की रिद्धपूर लागतं. जुन्या ग्रंथांत ते ऋद्धिपूर आहे. मराठी भाषा विद्यापीठामुळं २०२३ पासून हे नाव बातम्यांत आलं. महानुभावांसाठी मात्र ते कित्येक शतकांपासून तीर्थ आहे, त्यांची काशीच म्हणा ना. ते तीर्थ झालं ते गोविंदप्रभूंमुळं.

आधी हुशार, मग वेडं

गोविंदप्रभूंचा जन्म रिद्धपूरजवळच्या काटसुरे गावचा, काण्व ब्राह्मण घरातला. आईवडील लहानपणीच गेले. आजोळच्या नातेवाइकांनी त्यांना रिद्धपूरला आणलं, वाढवलं, मुंज केली, वेद शिकायला पाठवलं. परंपरा सांगते की पोरगं भलतंच हुशार होतं. म्हणजे पुढं ज्यांच्यावर गाव हसणार होतं, ते बुद्धीनं कमी वगैरे अजिबात नव्हते.

मग वागणं बदललं. पंथाच्या म्हणण्यानुसार त्यांना द्वारकेच्या चक्रपाणी म्हणजेच चांगदेव राऊळांकडून शक्ती मिळाली. हे चक्रपाणीही वेगळेच गृहस्थ. द्वारकेचे रस्ते झाडायचे, केर सुपात भरायचे आणि गोमतीत टाकून यायचे. त्यांनी गोविंदप्रभूंच्या डोक्यावर सूप ठेवलं, खराटा मारला आणि तीच दीक्षा झाली, अशी कथा आहे.

रिद्धपूरच्या लोकांना यातलं काही दिसत नव्हतं. त्यांना दिसत होता तो एक माणूस, जो कारण नसताना मोठ्यानं हसतो, स्वतःशीच बोलतो, देवळातल्या मूर्तींशी खेळतो, पोरांमध्ये पोर होतो. कधीही कुणाच्याही घरात शिरतो, थेट चुलीपाशी जातो, मडक्यात हात घालून हवं ते खातो. एकदम चिडतो. बोलताना तोंडात सतत एकच शिवी, तीही लाडानं दिल्यासारखी.

गावानं सोपा निष्कर्ष काढला. राऊळ वेडे झाले.

आणि इथंच गोष्ट वेगळी होते. वेडा म्हटल्यावर गावानं दारं लावून घेतली नाहीत. राऊळ घरात शिरले की बाया त्यांना जेवायला वाढायच्या, ते काय मागतील ते द्यायच्या. जे लोक त्यांना वेडं म्हणायचे, तेच त्यांना गावाची आई आणि गावाचा बाप म्हणायचे. वेडेपणावर बोलायचं, हसायचं आणि ताटही पुढं करायचं, हे सगळं एकाच दारात व्हायचं.

सगळेच असे होते असं नाही. राऊळ मातंगांच्या वस्तीत जायचे, त्यांच्या घरी वावरायचे आणि तिथून उठून सरळ ब्राह्मणांच्या स्वयंपाकघरात यायचे. तेराव्या शतकात याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको. सोवळ्यावाल्यांची कुरकुर झालीच. पण वेड्याला काय सांगणार? शहाण्या माणसानं हेच केलं असतं तर त्याला वाळीत टाकलं असतं. मातंगांच्या वस्तीला पाणी नव्हतं, तेव्हा कुठं खणायचं ती जागा राऊळांनी दाखवली आणि तिथं पाणी लागलं, अशी लीळा सांगितली जाते. एका बाईच्या बाळंतपणात ते स्वतः मदतीला बसले, अशीही सांगितली जाते.

एक प्रश्न मात्र आजच्या वाचकाला पडायलाच हवा. राऊळ ब्राह्मण घरातले नसते, मातंग वस्तीतलाच एखादा माणूस असा हसत, बडबडत ब्राह्मणाच्या चुलीपाशी गेला असता, तर गाव हसलं असतं का? वेडेपणा खपवून घ्यायचा की नाही हे तेव्हाही जात बघून ठरत असणार. गावाच्या मायेचं कौतुक करताना हे विसरून चालत नाही.

फेकलेलं शेंगुळं

भडोचकडचा एक तरुण रामटेकच्या यात्रेला म्हणून घर सोडून निघाला आणि वाटेत रिद्धपूरला थांबला. बाजारात त्याला राऊळ दिसले. राऊळांनी खाण्याच्या दुकानातलं एक शेंगुळं उचललं, स्वतःच्या तोंडाला लावलं आणि त्या तरुणाकडं फेकलं.

दुसरा कुणी असता तर उष्टं अंगावर फेकलं म्हणून भांडला असता, नाहीतर वेडा आहे म्हणून हसून पुढं गेला असता. या तरुणानं ते प्रसाद म्हणून खाल्लं. हाच तरुण म्हणजे महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर स्वामी. पुढं आयुष्यभर त्यांनी गोविंदप्रभूंना गुरू मानलं आणि महाराष्ट्रभर फिरताना शिष्यांनाही त्यांच्याकडं पाठवलं.

साधारण १२७४ च्या सुमारास चक्रधर महाराष्ट्रातून निघून गेले. मागं राहिलेले शिष्य त्यांच्या आज्ञेप्रमाणं रिद्धपूरला आले. नागदेवाचार्य, म्हाइंभट, महदाइसा, आबाइसा अशी ही मंडळी. म्हाइंभट म्हणजे मोठे पंडित. चक्रधरांसारख्या तर्कशुद्ध बोलणाऱ्या गुरूची सवय लागलेल्या या लोकांना आता अशा माणसाची सेवा करायची होती, जो कधी काय मागेल, कधी रागावेल, कधी मारेल याचा नेम नाही.

ज्यांच्या घरात दीर्घ मानसिक आजाराचा माणूस आहे, त्यांना या दिवसांचं वर्णन ओळखीचं वाटेल. न्हाऊ घालणं, जेवू घालणं, हट्ट पुरवणं, बाहेर गेलेल्या माणसाच्या मागं मागं फिरणं. शिष्यांनी हे दहा वर्षांहून जास्त काळ केलं.

राऊळांचं लग्न

एकदा म्हातारपणी राऊळांनी लग्न करायचं मनात घेतलं.

यावर किती हसता आलं असतं याची कल्पना करा. शिष्य हसले नाहीत, आणि समजूत काढून गप्पही बसवलं नाही. त्यांनी लग्नाची तयारी सुरू केली. लग्न म्हटलं की गाणी हवीत. ती जबाबदारी महदाइसेकडं आली. ही नागदेवाचार्यांची चुलत बहीण, लहानपणीच विधवा झालेली. तिनं श्रीकृष्ण आणि रुक्मिणीच्या लग्नावर धवळे रचले आणि राऊळांसमोर गायले. धवळे म्हणजे लग्नात वराला उद्देशून गायची गाणी.

ते लग्न खेळातलंच होतं. पण त्यातून आलेले धवळे खरे. महदाइसा म्हणजेच महदंबा आज मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री मानली जाते. एका विधवेनं, जिला त्या काळी लग्नघरात मानाची जागा मिळणं अवघड, एका वेड्या म्हणवल्या गेलेल्या माणसाच्या लुटुपुटूच्या लग्नात गायलेली ही गाणी आहेत.

गंमत तिथंही होती, हसणंही असणार. फरक एवढाच की राऊळ त्या हशाचा विषय नव्हते, त्या हशात सामील होते.

विनोद कुणासाठी?

हाच फरक साडेसातशे वर्षांनी सर्वोच्च न्यायालयात निघाला. जुलै २०२४ मध्ये 'आंख मिचोली' या हिंदी सिनेमावरच्या याचिकेचा निकाल देताना तेव्हाचे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठानं दिव्यांगांवरच्या विनोदाचे दोन प्रकार सांगितले. एक, जो अपंगत्वाबद्दलची समज वाढवतो. दुसरा, जो त्या माणसाला आणखी पंगू करतो, त्याला कमी लेखतो. पहिल्याला जागा आहे, दुसऱ्यापासून जपायला हवं, असं न्यायालयाचं म्हणणं.

मानसिक आजारही यात येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याचा समावेश आहे. कलम ९२ नुसार दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित करणं हा गुन्हा आहे आणि त्याला सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. पारावरच्या प्रत्येक बह्याडला हे कलम लागणार नाही, हे उघड आहे. हेतू आणि चारचौघं या दोन्ही गोष्टी लागतात.

पण विनोदाचं नुकसान कोर्टापर्यंत न जाणाऱ्या ठिकाणीच जास्त होतं. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक विकार असल्याचं दिसलं आणि वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांना उपचारच मिळत नव्हते. डॉक्टर कमी, पैसा कमी, अंतर जास्त ही कारणं आहेतच. पण त्यातच लोक काय म्हणतील हेही आहे. ज्या दवाखान्याचं नावच विनोद झालंय, तिथं बापाला घेऊन जायची एसटी पकडणं सोपं नसतं. ज्या जिल्ह्यानं इतक्या शेतकऱ्यांच्या आत्महत्या पाहिल्या, तिथं झोप लागत नाही, जीव घाबरतो हे सांगायची लाज वाटावी, ही साधी गोष्ट नाही.

म्हणून विनोद बंद करायचे का? रिद्धपूरचं उदाहरण तसं सांगत नाही. तिथं शब्द तोच होता. पण हसून झाल्यावर ताट वाढलं जायचं. आज बहुतेक वेळा हसून झाल्यावर माणूस एकटाच उरतो.

वेड आणि देवपण

वऱ्हाडाला अशा माणसांची जुनी ओळख आहे. १८७८ मध्ये शेगावात गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना, आणि पाहणाऱ्यांना आधी पिसाच वाटला. गाडगेबाबांच्या चिंध्या आणि डोक्यावरचं गाडगं पाहून गावोगावची पोरं मागं लागायची. त्यांनी १९५६ मध्ये अखेरचा श्वास घेतला तो भातकुलीपासून जवळच, वलगावपाशी.

यात एक धोकाही आहे. वेडा वाटणारा माणूस नंतर संत निघाला की त्याच्यावर हसणाऱ्यांना पश्चात्ताप होतो. मग जो संत निघत नाही, नुसताच आजारी असतो, त्याचं काय? त्याचा मान त्याच्या चमत्कारावर अवलंबून ठेवायचा का?

गोविंदप्रभूंना काही आजार होता का, हा प्रश्न आज विचारून उपयोग नाही. इतक्या शतकांपूर्वीच्या माणसाचं निदान कुणी करू शकत नाही, आणि पंथासाठी तर ते परमेश्वराचे अवतार आहेत, त्यांचं वागणं ही लीळा आहे. अमेरिकन अभ्यासक अॅन फेल्डहाउस यांनी १९८४ मध्ये त्यांच्या चरित्राचा इंग्रजी अनुवाद केला, तेव्हा त्यांनाही हेच सगळ्यात लक्षवेधी वाटलं की या ग्रंथात वेडेपण आणि देवपण वेगळं काढता येत नाही.

गोविंदप्रभू गेले ते १२८५ ते १२८८ च्या दरम्यान. शिष्य त्यांच्या जवळच होते. त्यानंतर म्हाइंभटांनी आठवणी गोळा केल्या. ज्यांनी राऊळांना पाहिलं, त्यांना जेवू घातलं, त्यांच्याकडून शिव्या खाल्ल्या, त्यांच्याकडून हे प्रसंग जमले आणि तीनशेहून अधिक लीळांचं चरित्र तयार झालं. पुढं महानुभावांचे ग्रंथ सांकेतिक लिपीत गेले आणि विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्या वाचकांना ते फारसे कळलेच नाहीत. मलकापूरकडचेच वि. भि. कोलते यांनी हे चरित्र संपादित करून सगळ्यांसाठी खुलं केलं.

म्हाइंभटांना हवं असतं तर गाव राऊळांना काय म्हणायचं ते गाळता आलं असतं. गुरूंचं चरित्र लिहिताना भक्त असं बरंच गाळतात. त्यांनी ते गाळलं नाही. वेडं म्हणणारे आणि आई म्हणणारे, दोघांचेही शब्द त्यांनी तसेच ठेवले.